एकशेऐंशीच्या वर

आमच्या शाळेत सरिता पडघान नावाच्या एक मॅडम होत्या. त्यांना पोरं पाठीमागे 'काहून मॅडम' म्हणत आणि आम्ही मास्तर लोक तोंडावर म्हणत असू. एखाद्या पोरानं उत्तर बरोबर दिलं तरी त्या 'शाब्बास' म्हणायच्या नाहीत, 'काहून?' म्हणायच्या. चुकीच्या उत्तराला 'काहून' विचारलेलं मी समजू शकतो. बरोबर उत्तराला तेच विचारणं म्हणजे जेवायला बसलेल्याला ताटावरून उठवून भूक का लागली ते विचारण्यासारखं आहे, असं माझं तेव्हा मत होतं. मी मराठी शिकवतो. गणिताशी माझं लहानपणापासून वाकडं आहे आणि त्याबद्दल मला अजिबात वाईट वाटत नाही.

आमचं गाव मेडशीच्या फाट्यावरून आत, सोयाबीन आणि तुरीच्या मधोमध. शाळा दहावीपर्यंत, संस्थेची. आणि संस्था म्हणजे नानाजी. नानाजी अध्यक्ष, त्यांचे चिरंजीव सचिव, आणि बाकीचे सदस्य सभेला येऊन चहा पितात, सह्या करतात आणि जातात. नानाजी माणूस वाईट नाही. कुणाच्या घरी मयत झाली की लाकडांचा पहिला ट्रॅक्टर त्यांचाच येतो. पण गावात जे जे उभं राहील त्यावर आपलं नाव असावं, ही त्यांची हौस आहे. गावाच्या तोंडाशी त्यांनी वडिलांच्या स्मरणार्थ कमान बांधली, तिच्यावर वडिलांचं नाव बारीक आणि स्मरण करणाऱ्याचं ठसठशीत आहे. स्मशानातल्या शेडवरही त्यांचंच नाव आहे, तेही जिवंतपणी.

सरिता मॅडम अनसिंगच्या. मालेगावात, म्हणजे आमच्या तालुक्याच्या गावी, खोली करून राहायच्या आणि सकाळच्या एसटीनं यायच्या. वडील भिवाजींचं वावर थोडं, त्यामुळे त्यांचं बरंचसं आयुष्य दुसऱ्याच्या वावरात गेलं. भिवाजींच्या वडिलांनी छप्पन साली गावाला एकदा 'काहून' विचारलं होतं आणि उत्तर न आल्यामुळे गावच्या देवळाला कायमचा रामराम केला होता. तेव्हापासून तो शब्द त्या घरात मुरला असावा. पोरीनं एम.एस्सी., बी.एड. केलं आणि ती आमच्या शाळेत लागली, तासिका तत्त्वावर. म्हणजे जितके तास शिकवाल तितक्याचं मानधन. दिवाळीत तास नसतात, म्हणून दिवाळीही नसते. आणि दर जूनमध्ये नवा आदेश, जो नानाजी काढणार.

गेल्या वर्षअखेरीस गणिताचे जुने सर निवृत्त होणार होते आणि त्यांची कायमची जागा मोकळी होणार होती. इतकी वर्षं राबलेल्या सरिता मॅडमचा तिच्यावर हक्क आहे, असं सगळे म्हणत होते. सगळे म्हणजे नानाजी सोडून. नानाजी नुसते हसत होते.

आता आमच्या गावातली एक विद्या सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. तिला 'बसवणं' म्हणतात. वरून जो आकडा हवा असेल तो खाली बसवायचा. झाडं लावायची मोहीम आली, खड्डे झाले, झाडं लागली, बकऱ्यांनी खाल्ली. मग किती जगली असं वरून विचारणं आलं, की वरच्यांना जितकी जगलेली हवीत तितकी जगतात. शाळेत खिचडी खाणारी पोरं, लिहायला-वाचायला शिकलेल्या म्हाताऱ्या, सगळं बसतं. यात कुणाला खोटं बोलल्यासारखं वाटत नाही. चपलेचा अंगठा तुटला की आपण टाचणी लावून घरापर्यंत येतो, तितक्याच सहजपणे हे चालतं. मीही ते तीस वर्षं करत आलो आहे.

तर मॅडमनी एकदा नववीच्या वर्गाला त्रिकोण काढायला लावले. ज्याला हवा तसा काढा, कोनमापकानं तिन्ही कोन मोजा आणि बेरीज सांगा. अख्ख्या वर्गाची बेरीज एकशेऐंशी आली. एकाचीही एकशेएकोणऐंशी नाही की एकशेएक्याऐंशी नाही. दुसऱ्या कुठल्याही मास्तरचा ऊर भरून आला असता. मॅडमनी मात्र खडू खाली ठेवला आणि विचारलं, काहून? नानाजींची नात वर्षाराणी त्याच वर्गात होती. ती उभी राहून सरळ म्हणाली, "दोन मोजले मॅडम, तिसरा बसोला."

वर्गात कुणी हसलं नाही, कारण सगळ्यांनी तेच केलं होतं. मॅडम रागावल्या नाहीत. त्यांनी तिसराही कोन मोजायला लावला आणि जे येईल तेच सांगायला लावलं. मग कुणाचे एकशेअठ्ठ्याहत्तर आले, कुणाचे एकशेएक्याऐंशी, मागच्या बाकावरच्या एकाचे तर एकशेत्र्याऐंशी. पोरं घाबरली. आपल्या हातून त्रिकोण बिघडला असं त्यांना वाटलं. मॅडम म्हणाल्या, बिघडलं काही नाही. पेन्सिल जाड असते, डोळा चुकतो, हात हलतो. मोजून हे कधीच नक्की कळणार नाही, आणि जगातले सगळे त्रिकोण मोजायला कुणाला वेळ आहे?

मला तो तास रिकामा होता आणि मी व्हरांड्यात उभा होतो. मॅडमनी फळ्यावर एक त्रिकोण काढला, कसाही. पाया खाली, टोक वर. मग त्या टोकातून पायाला समांतर अशी एक रेघ काढली. ही रेघ त्रिकोणाची नाही, त्या म्हणाल्या, ही आपण बाहेरून आणली. ती ना डावीकडे झुकते ना उजवीकडे. त्रिकोणाची डावी बाजू वरच्या रेघेलाही छेदते आणि खालच्या पायालाही. दोन्ही समांतर, म्हणून खाली डावीकडे जेवढा कोन आहे तेवढाच वर टोकाच्या डाव्या बाजूला तयार होतो. पुस्तकात त्याला व्युत्क्रम कोन म्हणतात. उजवीकडेही तसंच. आता टोकापाशी बघा: डावीकडे खालून आलेला पाहुणा, उजवीकडे खालून आलेला पाहुणा आणि मधे घरचा. तिघं एका सरळ रेघेखाली मांडीला मांडी लावून बसले आहेत, आणि सरळ रेघेचा कोन एकशेऐंशी असतो. संपलं.

कोनमापक कुणी हातातही घेतलं नव्हतं. फळ्यावरच्या त्रिकोणालाच नाही, अजून कुणी काढलाही नाही अशा त्रिकोणालासुद्धा ते लागू होतं. मला एकदम आनंद झाला आणि त्याच्या पाठोपाठ राग आला. 'व्युत्क्रम' हा शब्द मी शाळेत असताना पाठ केला होता, त्यावर मार खाल्ला होता, आणि त्याच्या आत एवढं सोपं काही आहे हे पन्नाशी उलटल्यावर व्हरांड्यात उभं राहून कळत होतं. वर्गात पोरं पुन्हा पुन्हा वेगवेगळे त्रिकोण काढून रेघ मारून बघत होती. बसवायची सोय नसलेली गोष्ट त्यांनी पहिल्यांदाच पाहिली असावी.

हे एवढ्यावर राहिलं असतं तर बरं होतं. पण हिवाळ्यात तालुक्याची आदर्श शाळा स्पर्धा निघाली. शाळेच्या भिंती बोलक्या पाहिजेत असा दंडक होता. भिंती बोलायला रंग लागतो, रंगाला दाता लागतो आणि दात्याला नाव लागतं, त्यामुळे एकेक भिंत एकेका दात्याला वाटून दिली गेली. रस्त्याकडची सगळ्यात मोठी भिंत अर्थातच नानाजींची. हेडसरांनी तिच्यासाठी गणित निवडलं, आणि सरिता मॅडमनी तोच त्रिकोण.

रंगवायला रूपला पेंटर होता. लग्नघरच्या भिंती, बियाण्यांच्या जाहिराती, ट्रॅक्टरच्या पाठीमागची नावं हे सगळं तोच करतो. मोर काढल्याशिवाय तो कुठलीही भिंत सोडत नाही. विज्ञानाच्या भिंतीवर त्यानं माणसाचं हृदय काढलं होतं, त्याच्याही शेजारी मोर आहे. सरळ रेघेसाठी त्याची एक पद्धत होती. सुती दोरी निळीच्या भुकटीत घोळायची, दोघांनी दोन टोकं ताणून भिंतीला धरायची आणि तिसऱ्यानं ती मधून ओढून सोडायची. फट्‌ आवाज होतो आणि भिंतीवर निळी सरळ रेघ उमटते. याला तो दोरी मारणं म्हणतो. मॅडमनी पायापासून टोकापर्यंतच्या उंचीची एक तुराटी मोडून घेतली. त्या तुरीच्या काडीनं भिंतीच्या दोन्ही कडांना सारख्या उंचीवर खुणा केल्या, आणि दोरी मारून रेघ पक्की करून घेतली. वर रूपलानं लाल ऑइलपेंट फिरवला. काम झकास झालं होतं.

संध्याकाळी नानाजी बघायला आले. बराच वेळ मान तिरकी करून पाहत राहिले. मग म्हणाले, वर ती कपडे वाळू घालायची दोरी कायले बांधली? आमच्या भिंतीवर कमान पाहिजे, कमानीशिवाय नाव शोभत नाही. रूपलाला काय, त्यानं दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत सरळ रेघ पुसून कमान केली. मधे त्रिकोणाच्या टोकाला टेकलेली, दोन्हीकडे खाली उतरलेली. तिच्यावर नानाजींचं नाव, आणि बाजूला मॅडमनी लिहून दिलेलं वाक्य तसंच राहिलं: ही रेषा पायाला समांतर आहे.

हेडसर म्हणाले, असू द्या. मॅडम म्हणाल्या, मी नानाजींशी बोलते. हेडसरांना त्या संध्याकाळी अचानक मालेगावला काम निघालं, म्हणून सोबत मी गेलो.

नानाजी ओसरीत बंगईवर, म्हणजे झोपाळ्यावर, बसले होते. चहा झाला. मॅडमनी हळू आवाजात सांगितलं की कमान सुंदर आहे, पण रेघ खाली वाकली की तिच्याखाली तिन्ही कोनांची बेरीज पुरी भरत नाही, कमी येते. बंगई थांबली.

"कमी म्हंजे? आमच्या नावाखाली कमी?"

मॅडम हो म्हणाल्या. नानाजी विचारात पडले. मग त्यांनी विचारलं, "आन वरच्या अंगानं वाकोली त?"

"तर जास्त येईल, पण..."

तो 'पण' नानाजींनी ऐकला नाही. "बाकीच्या शाळेत किती येते?"

"सगळीकडे एकशेऐंशीच येते, नानाजी."

"मंग आपल्या शाळेत जास्त काहून नाई?"

मी तीस वर्षांत त्या घरी 'काहून' हा शब्द पहिल्यांदा ऐकला, आणि तो असा वापरलेला. मॅडमनी समजावलं, हा काही दहावीचा निकाल नाही की प्रयत्न केले तर वाढेल. नानाजी म्हणाले, निकालाचंही लोक असंच सांगत होते, आता खेळाचे मार्क मिळून पोट्टे कुठल्या कुठे गेले. मग त्यांनी बंगईला पायानं झोका दिला. "ते तुमी बसवा, मॅडम. कमिटीपुढं तुमालेच समजावून सांगाचं आहे. जूनमधे मले बी कोनाले तरी बसवाचंच आहे."

याचा अर्थ कळायला गणित येण्याची गरज नव्हती.

परत येताना फाट्यावर एसटीची वाट बघत मॅडम म्हणाल्या, "सर, बाबांनी गावात सांगून ठेवलंय की पोरगी जूनमध्ये पक्की होते. आई रोज फोनवर विचारते." मी म्हणालो, मग कशाला डोकं लावता, एका भिंतीनं काय होतं? त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मला माझंच वाक्य परत घ्यावंसं वाटलं. "त्या पोरांनी आत्ता कुठं बसवणं सोडलंय, सर," त्या म्हणाल्या, आणि एसटी आली.

रूपलानं कमान उलटी केली. आता टोकापासून रेघ दोन्हीकडे वर गेली होती, बैलाच्या शिंगांसारखी. आणि शिंगं म्हटल्यावर रूपलाच्या हाताला राहवेना, त्यानं त्यांना पोळ्यासारखे गोंडे बांधले. खाली हेडसरांनी स्वतःच्या कल्पनेनं ठळक अक्षरांत लिहून घेतलं: 'आमच्या शाळेत १८० च्या वर'. लोक थांबून फोटो काढू लागले. शेजारच्या गावच्या एका मुख्याध्यापकांचा फोन आला की ही कुठली योजना आहे आणि आमच्याकडे का आली नाही.

मॅडमनी भांडण केलं नाही. त्यांनी नववीचा तास भिंतीसमोर घ्यायला सुरुवात केली. ही रेघ कुठे फसली, शोधा. पोरांनी शोधलं. खालचा कोन वर जाऊन बसतो तो दोन रेघा समांतर असतील तरच. इथे रेघ उठून आभाळाकडे चालली, तर खालच्या कोनानं बसायचं कुठे? नानाजींच्या नातीनंच ते पहिल्यांदा सांगितलं. मॅडम मला म्हणाल्या, चूक एवढ्या मोठ्या अक्षरांत लिहिलेली असली की शिकवायला सोपी जाते. मला त्यांची भीती वाटू लागली होती, म्हणजे त्यांच्यासाठी भीती.

कमिटी आली, जेवली आणि मग पाहणीला निघाली. नानाजी फेटा बांधून तयार होते. कमिटीचे मुख्य साहेब भिंतीसमोर थांबले, '१८० च्या वर' वाचलं आणि कुठलाही आकडा वर गेलेला पाहून समाधानानं जी मान हलते ती त्यांनी हलवली. नवोपक्रम चांगला आहे, म्हणाले. मग कार्यक्रमात लिहिलं होतं म्हणून शिक्षकांनी समजावून सांगावं असं सुचवलं. नानाजी कौतुकानं म्हणाले, सांगा मॅडम. मी शेजारी उभा होतो आणि मनातल्या मनात एकच म्हणत होतो, बाई, आजच्या दिवस बसव. जून जवळ आहे, आजच्या दिवस बसव.

मॅडमनी रूपलाकडून दोरी मागवली. नीळ लावलेली. मग त्या म्हणाल्या की या भिंतीचे दाते नानाजी, तेव्हा दोरीचं एक टोक त्यांनीच धरावं. दोरी किंवा रिबीन दिसली आणि समोर फोटोवाला असला की नानाजींना कुणी आग्रह करावा लागत नाही. त्यांनी पुढे होऊन टोक धरलं. दुसरं हेडसरांनी धरलं. मॅडमनी तुराटी लावून दोघांचे हात सारख्या उंचीवर आणले, दोरी मधून ओढली आणि सोडली. लाल शिंगांच्या मधून, त्रिकोणाच्या टोकाला टेकून, निळी सरळ रेघ उमटली. टाळ्या वाजल्या. नानाजींनी स्वतःही निळ्या हातांनी वाजवल्या.

ही रेघ कशी आहे, मॅडमनी वर्गाला विचारलं. समांतर, वर्ग म्हणाला. काहून? कारण दोन्हीकडे तुराटी सारखीच भरली. मग डावा कोन वर गेला, उजवा कोन वर गेला, मधला होता तिथेच होता, आणि बेरीज पोरांनी एका आवाजात सांगितली. साहेबांना ते समजलं, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं. त्यांनाही बहुधा आयुष्यात पहिल्यांदाच समजलं असावं. आणि समजलं म्हणूनच त्यांनी विचारू नये ते विचारलं: मग हे लाल काय आहे?

सगळ्यांनी मॅडमकडे पाहिलं.

"ते चुकलेलं आहे, साहेब," मॅडम म्हणाल्या. "आणि ही निळी रेघ आत्ता नानाजींनी स्वतःच्या हातानं बरोबर मारली."

यापेक्षा सभ्य वाट मी कुणाला कुणी काढून दिलेली पाहिली नाही. नानाजींनी नुसतं हसून हो म्हणायचं होतं. त्यांनी हात झटकले, नीळ पांढऱ्या सदऱ्यावर उडाली, आणि ते म्हणाले, "दोनी राहू द्या. लाल सनावाराले, निळी अभ्यासाले."

आम्हाला दुसरा क्रमांक मिळाला. पहिला ज्या शाळेला गेला तिथे कारंजं होतं. पण नानाजींच्या मनात पहिला नंबर त्या निळ्या दोरीनं घालवला, हे पक्कं बसलं.

जूनमध्ये आदेश निघाला तो हरीओमच्या नावानं. हरीओम म्हणजे नानाजींचा भाचा. त्यालाही त्रिकोण येतो. तो कागदाच्या त्रिकोणाचे तिन्ही कोपरे फाडून टेबलावर एका रेषेत जोडून दाखवतो, आणि नीट जुळले नाहीत तर थोडं आणखी फाडतो. सरिता मॅडमचा निरोप समारंभ झाला नाही, कारण कागदोपत्री त्या गेल्याच नव्हत्या; नव्या वर्षी फक्त आल्या नव्हत्या. आता त्या मालेगावात एका खाजगी क्लासमध्ये शिकवतात. भिवाजींना त्यांनी काय सांगितलं ते मी विचारलं नाही. मला या सगळ्याचा राग आला होता, अजून आहे, आणि स्टाफरूममध्ये सगळ्यांनाच आला होता. पण आमच्या स्टाफरूममधला राग चहा येईपर्यंत टिकतो.

नीळ म्हणजे काही रंग नव्हे. वाऱ्यानं, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या पाठीनं ती रेघ पुसट होत गेली आणि शाळा सुरू झाली तेव्हा भिंतीवर फक्त लाल शिंगं उरली होती. एक दिवस सकाळी प्रार्थनेला आलो तर निळी रेघ परत उमटलेली. ती पुसली गेली, पुन्हा आली. हरीओम सरांनी वर्गावर्गात विचारलं, कुणालाच काही माहीत नव्हतं. रूपलाला विचारलं तर तो म्हणाला, माझी दोरी हरवली आहे, आणि हे सांगताना तो फार खूश दिसत होता. हेडसरांना काळजी वेगळीच होती. एकट्याचं हे काम नाही, दोरीला दोन टोकं असतात, ती धरायला दोघं आणि ओढायला तिसरं माणूस लागतं.

मग एके रात्री नानाजींच्या घरी जेवताना ते उलगडलं. ही हकीकत त्यांच्या पत्नी गोजराबाईंनी आमच्या घरी येऊन सांगितली, निम्मी कौतुकानं आणि निम्मी धास्तीनं. वर्षाराणी भाकरी मोडत होती आणि नानाजींची नजर तिच्या बोटांवर गेली. बोटांची टोकं निळी होती. नानाजींचा घास थांबला. ओरडतील असं गोजराबाईंना वाटलं. पण ते खाली पाहत म्हणाले, "काहून वं?"

पोरगी घाबरली नाही. म्हणाली, "लाल रेघ बसोलेली आहे, आबाजी. निळी आहे तशी आहे."

नानाजींनी जेवण पुरं केलं, हात धुतले, बंगईवर जाऊन बसले. त्यांनी भिंतीवर चुना मारायला लावला नाही, आणि सरिता मॅडमला परतही बोलावलं नाही. त्यांचं मन त्या दोन्हीच्या मधे कुठेतरी अडकलं असावं.

हे सगळं मी मॅडमना फोन करून सांगितलं. खरं म्हणजे मला वाटलं होतं त्यांचा कंठ दाटून येईल, आणि मराठीच्या मास्तरला साजेसं काहीतरी मी बोलेन. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं आणि विचारलं, "समांतर आहे का, सर? नुसती सरळ असून भागत नाही."

मी मधल्या सुट्टीत भिंतीशी गेलो. तुराटी नव्हती, म्हणून विती आणि बोटांनी मोजलं. उजवीकडे पायापासून रेघेपर्यंत पाच विती भरल्या. डावीकडे पाच विती आणि वर दोन बोटं. मी पुन्हा मोजलं, तेच आलं. मॅडमना फोन लावला तेव्हा 'दोन्हीकडे सारखंच आहे' हे वाक्य माझ्या जिभेवर तयार होतं. तीस वर्षांची सवय आहे, आणि ते ऐकून त्यांना बरंही वाटलं असतं.

"डावीकडे दोन बोटं जास्त आहे," मी म्हणालो.

पलीकडे त्या हसल्या असाव्यात, किंवा दुसरं काही असेल, फोनवर ते नीट कळत नाही. "मग परत मारावी लागेल, सर," त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत अख्खी शाळा मैदानात होती. हेडसर ऑफिसच्या दारात होते, हरीओम सर खिडकीत होते, आणि रस्त्यावर नानाजींची गाडी उभी होती. वर्षाराणीनं दोरी आणली, एका पोरानं नवी तुराटी. तिनं डावीकडचं टोक धरलं. उजवीकडचं कोण धरतं म्हणून पोरं एकमेकांकडे बघत होती, तेव्हा मी पुढे होऊन ते हातात घेतलं आणि तुराटीच्या खुणेवर आणून ताणलं.